तलावांचा तक्ता आणि कार्यालयातला डॅशबोर्ड

जून उजाडला की मुंबईतल्या अनेक घरांत वर्तमानपत्रातला एक छोटा तक्ता आवर्जून वाचला जातो. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी ही सात तलावांची नावे, प्रत्येकापुढे सकाळी सहा वाजता नोंदवलेली पातळी आणि उपयुक्त साठा, सर्वांत खाली एकूण साठ्याची टक्केवारी आणि तिच्या शेजारी गेल्या दोन वर्षांचे याच तारखेचे आकडे, एवढाच त्याचा पसारा असतो. हा तक्ता वाचणारे त्याला डॅशबोर्ड म्हणत नाहीत. तरीही कार्यालयांच्या भिंतींवर झळकणाऱ्या बहुतेक रंगीत पडद्यांपेक्षा तो अधिक चांगला डॅशबोर्ड आहे असे माझे मत आहे, आणि तो चांगला का आहे हे पाहिले की या विषयातला बराचसा गुंता आपोआप सुटतो.

सातही तलाव काठोकाठ भरले तर त्यांत १४,४७,३६३ दशलक्ष लिटर पाणी मावते, आणि शहराला रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते. बाष्पीभवन बाजूला ठेवून सरळ भागाकार केला तर भरलेले तलाव जेमतेम ३७५ दिवस पुरतात असे दिसते, म्हणूनच पावसाळा संपताना, म्हणजे १ ऑक्टोबरला, ते भरलेले असावेत याकडे महापालिकेचे लक्ष असते. आता जूनच्या मध्यावर साठा दहा टक्के असेल तर ती बातमी चांगली की वाईट, हे नुसत्या ‘दहा’ या आकड्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. मागच्या दोन वर्षांचे त्याच दिवसाचे आकडे शेजारी असले तरच त्याला अर्थ येतो. शिवाय या आकड्याच्या मागे एक ठरलेला निर्णय उभा असतो. २०२४ साली साठा खालावला तेव्हा ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागू झाली, आणि तलाव भरू लागल्यावर जुलैच्या अखेरीस ती मागे घेतली गेली. आकडा, तुलना आणि निर्णय या तिन्ही गोष्टी एका छोट्या चौकटीत बसल्या आहेत.

याच तक्त्यात एक धोक्याची सूचनाही दडलेली आहे. तुळशी तलाव भरून वाहू लागला की त्याची छायाचित्रे छापून येतात आणि पाण्याची चिंता मिटली असे लोकांना वाटू लागते. पण तुळशीची क्षमता ८,०४६ दशलक्ष लिटर, म्हणजे एकूण साठ्याच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे, आणि एकट्या भातसा धरणात ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मे पाणी असते. डोळ्यांत भरणारा आकडा आणि महत्त्वाचा आकडा हे दोन वेगळे असू शकतात. कार्यालयातल्या डॅशबोर्डवर अशा तुळशी पुष्कळ सापडतात.

मी अंधेरी पूर्वेतल्या एका कार्यालयात विम्याचे दावे तपासणाऱ्या विभागाचे एमआयएस, म्हणजे कामाच्या आकड्यांचे अहवाल, सांभाळते, त्यामुळे पुढची बहुतेक उदाहरणे त्याच कामातली आहेत; पण दाव्यांच्या जागी कर्जाचे अर्ज, ग्राहकांच्या तक्रारी, दुरुस्तीला आलेली यंत्रे किंवा सॉफ्टवेअरमधली तिकिटे, म्हणजे नोंदवलेल्या अडचणी, ठेवली तरी हिशेब बदलत नाही. ‘डॅशबोर्ड’ हा शब्द मुळात घोडागाडीचा आहे. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे जी फळी लावत, तिला हे नाव होते. मोटारी आल्यावर त्याच जागी वेग, इंधन आणि तापमान दाखवणारे काटे बसले आणि तिथून हा शब्द कार्यालयांत आला. आमच्याकडचे काही पडदे मात्र अजूनही चिखल अडवण्याच्याच कामी येतात, म्हणजे वरिष्ठांकडून विचारणा झाली की त्यांच्या आडोशाला उभे राहता येते.

आवक, जावक आणि शिल्लक

कोणत्याही कामाच्या प्रक्रियेवर लक्ष ठेवायचे असेल तर सुरुवात जुन्या सरकारी कचेरीतल्या आवक-जावक नोंदवहीपासून करावी. आज किती कामे आली, किती पूर्ण होऊन बाहेर पडली, किती शिल्लक आहेत, शिल्लक कामांचे वय काय आहे आणि पूर्ण झालेल्यांपैकी किती चुकीमुळे परत आली, हे पाच आकडे खरे आणि वेळेवर मिळाले तर बहुतेक विभागांना सहावा आकडा क्वचितच लागतो. यात एक सोयीची पडताळणीही आहे. कालची शिल्लक अधिक आजची आवक वजा आजची जावक ही बेरीज-वजाबाकी आजच्या शिलकीशी जुळलीच पाहिजे, आणि ती जुळत नसेल तर पडदा कितीही देखणा असला तरी त्यावर चर्चा करण्यात वेळ घालवू नये.

ती का जुळत नाही याचा शोध घेतला की बहुधा व्याख्येचा घोळ सापडतो. आमच्याकडे ‘बंद’ या एका शब्दाचे तीन अर्थ चालत होते. तपासणी करणाऱ्यांच्या लेखी शेरा मारला की दावा बंद होई, लेखा विभागाच्या लेखी पैसे वळते केले की तो बंद होई आणि ग्राहकाच्या लेखी पैसे खात्यात दिसले की तो बंद होई. तिन्ही अर्थ आपापल्या जागी योग्य होते, पण एकाच पडद्यावर ते मिसळले गेल्यामुळे सोमवारच्या बैठकीत पहिला अर्धा तास कुणाचा आकडा खरा यावरच जाई. म्हणून प्रत्येक आकड्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ असावी असा माझा आग्रह असतो: हा आकडा काय मोजतो, कुठून येतो, केव्हा ताजा होतो आणि त्याची जबाबदारी कुणाची आहे. रात्री अकरा वाजता भरला जाणारा आकडा दुपारी तीन वाजता ‘आत्ताचा’ म्हणून वाचला गेल्याने झालेले गैरसमज मी पुष्कळ पाहिले आहेत.

या पाच आकड्यांमधून एक फार उपयोगी हिशेब निघतो. जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकाने १९६१ साली एक साधा नियम गणिताने सिद्ध केला: प्रक्रिया साधारण स्थिर असेल तर आत असलेल्या कामांची सरासरी संख्या ही कामे येण्याचा दर आणि एका कामाला लागणारा सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. व्यवहारात त्याचा उपयोग उलट्या बाजूने होतो. शिल्लक दावे ९०० आहेत आणि रोज १२० निकाली निघतात, तर आज आलेल्या दाव्याला सरासरी साडेसात दिवस लागणार, मग दाराशी ‘तीन दिवसांत निकाल’ अशी पाटी लावलेली असली तरी. रेशनच्या दुकानात रांगेत पुढे किती माणसे आहेत आणि दुकानदार किती वेगाने पावत्या फाडतो यावरून आपला नंबर केव्हा येईल याचा जो अंदाज आपण बांधतो, तोच हा हिशेब आहे. आपल्या डॅशबोर्डवर छापलेला सरासरी कालावधी आणि या भागाकाराचे उत्तर यांत मोठे अंतर असेल, तर कुठेतरी घड्याळ थांबवले जात आहे किंवा जुनी कामे मोजणीतून गळत आहेत असे समजायला हरकत नाही.

सरासरी काय लपवते

आमच्या विभागात सर्वांत जास्त चर्चा टॅटची, म्हणजे दावा आल्यापासून निकाली निघेपर्यंतच्या काळाची होते. समजा दहा दाव्यांपैकी नऊ प्रत्येकी दोन दिवसांत सुटले आणि एक ३२ दिवस अडकला. एकूण ५० दिवस भागिले दहा, म्हणजे सरासरी पाच दिवस. पण पाच दिवसांचा अनुभव या दहांपैकी एकाही माणसाला आलेला नाही. नऊ जण समाधानी आहेत आणि एक जण महिनाभर फोन करून थकला आहे. अशा ठिकाणी सरासरीऐवजी मध्यक दाखवावा, म्हणजे सगळे काळ चढत्या क्रमाने मांडून मधोमध येणारा आकडा, आणि त्याच्या जोडीला ‘दहापैकी नऊ दावे किती दिवसांच्या आत सुटले’ हेही दाखवावे. एवढ्या बदलाने चर्चेचा रोख बदलतो, कारण मग प्रश्न त्या दहाव्या माणसाचा होतो.

टॅटमधला दुसरा दोष अधिक खोल आहे आणि तो मला स्वतःला फार उशिरा कळला. टॅट फक्त निकाली निघालेल्या दाव्यांवर काढला जातो. जो दावा ६० दिवसांपासून पडून आहे तो अजून सुटलेलाच नसल्यामुळे टॅटमध्ये येतच नाही, आणि ज्या दिवशी कुणी कष्ट घेऊन तो सोडवतो, त्या दिवशी त्याचे साठ दिवस मोजणीत येऊन टॅट बिघडतो. एका वर्षी मार्चअखेर आमच्या चमूने तीन आठवडे खपून जुनी, कागदपत्रांत अडकलेली प्रकरणे निकालात काढली, आणि पडद्यावरचा त्या महिन्याचा टॅटचा चौकोन वर्षभरातला सर्वांत लाल निघाला. वरच्या बैठकीत त्या लाल चौकोनाचे स्पष्टीकरण मागितले गेले. पुढच्या महिन्यात कुणीही जुन्या प्रकरणांना हात लावला नाही आणि चौकोन पुन्हा हिरवा झाला. त्यात चमूची चूक नव्हती. तो चौकोन मी बनवला होता. तेव्हापासून मी टॅटच्या शेजारी शिल्लक कामांच्या वयाची पट्टी ठेवते: सात दिवसांपर्यंतची किती, आठ ते पंधरा दिवसांची किती, सोळा ते तीस दिवसांची किती आणि त्याहून जुनी किती. ही शेवटची संख्या कमी होत असेल तर टॅट वाढलेला मला चालतो.

कालच्यापेक्षा आज कमी का?

हा प्रश्न बहुतेक बैठकांत विचारला जातो आणि बहुतेक वेळा त्याला काहीच उत्तर नसते. डॅशबोर्ड वाचण्याची खरी कसोटी इथे लागते, म्हणून या भागावर थोडे थांबले पाहिजे.

आमचा चमू रोज किती दावे निकाली काढतो याचे दहा दिवसांचे आकडे समजा असे आहेत: ११८, १२६, १०९, १२१, १३१, ११५, १२४, ११२, १२८ आणि ११६. तिसऱ्या दिवशी १०९ आले म्हणून चमूप्रमुखाने सगळ्यांना सुनावले आणि पुढचे दोन दिवस आकडा वाढून १३१ पर्यंत गेला, म्हणजे सुनावण्याचा उपयोग झाला असे त्याला वाटले. पाचव्या दिवशी १३१ झाले म्हणून त्याने समोसे मागवले आणि सहाव्या दिवशी आकडा ११५ वर आला, म्हणजे कौतुकाने माणसे सैल पडतात असे त्याने मनाशी पक्के केले. प्रत्यक्षात या चढउतारांत दोन्ही गोष्टींचा हात असल्याचा काहीच पुरावा नाही. एखादा दावा गुंतागुंतीचा असतो, एखादे दिवशी सर्व्हर रेंगाळतो, एखादे दिवशी हार्बर लाइन उशिरा धावते आणि चौघे जण अर्ध्या तासाने येतात. अशा असंख्य लहान कारणांनी आकडा स्वतःहून हलत राहतो.

ही नेहमीची हालचाल आणि खरोखरची बातमी यांत फरक कसा करायचा, याचे उत्तर १०० वर्षांहून जुने आहे. अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक या दूरध्वनी यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना जेमतेम पानभर टिपण पाठवले, आणि त्यातच आज नियंत्रण-आलेख म्हणून ओळखली जाणारी आकृती पहिल्यांदा होती. हेच श्यूहार्ट १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या वतीने भारतात आले, देशभर फिरले आणि इथल्या उद्योजकांना गुणवत्तेच्या मोजणीविषयी त्यांनी मार्गदर्शन केले. म्हणजे ही विद्या आपल्याकडे संगणकाच्या बऱ्याच आधी पोहोचली होती. पडदे आले तेव्हा आपण रंग घेतले आणि ही विद्या मात्र मागे ठेवली.

हिशेब एक्सेलमध्ये पाच मिनिटांत होतो. वरच्या दहा आकड्यांची बेरीज १,२०० आणि सरासरी १२० येते. मग लागोपाठच्या दोन दिवसांतला फरक काढायचा, वाढ की घट याकडे न बघता: ८, १७, १२, १०, १६, ९, १२, १६ आणि १२. या नऊ फरकांची सरासरी साधारण १२.४ येते. तिला २.६६ या ठरावीक संख्येने गुणले की साधारण ३३ येतात, आणि ते सरासरीत मिळवले व सरासरीतून वजा केले की दोन सीमा मिळतात: वर १५३ आणि खाली ८७. या दोन सीमांच्या आत आकडा कितीही नाचला तरी ती या प्रक्रियेची नेहमीची चाल समजायची. १०९ ही बातमी नव्हती आणि १३१ ही देखील नव्हती. उद्या ८० आले तर मात्र सगळे काम बाजूला ठेवून कारण शोधले पाहिजे, कारण काहीतरी वेगळे घडले आहे. तसेच आकडे सीमांच्या आत राहूनही सलग आठ दिवस सरासरीच्या एकाच बाजूला पडू लागले, तर तीही खूण मानली जाते. सरासरीच हळूहळू सरकू लागल्याचे ते लक्षण असते. दहा दिवसांवरून काढलेल्या सीमा कच्च्या असतात, म्हणून वीस-पंचवीस दिवसांचे आकडे जमले की त्या पुन्हा काढाव्यात.

श्यूहार्ट यांचे विचार पुढे नेणारे एडवर्ड्स डेमिंग म्हणत की बहुतांश दोष व्यवस्थेचे असतात, माणसांचे नव्हे, आणि त्यांनी आपल्या अनुभवावरून त्याचे प्रमाण ९४ टक्के असे सांगितले होते. त्या आकड्यावर वाद घालता येईल. पण सीमांच्या आतल्या चढउतारासाठी रोज कुणाला तरी उभे करून जाब विचारणाऱ्या कार्यालयात लोक एकच गोष्ट शिकतात, ती म्हणजे पटणारी कारणे तयार ठेवणे. रोजचा आकडा १२० वरून १४० वर न्यायचा असेल तर १०९ च्या दिवशी ओरडून काहीही होत नाही. त्यासाठी अर्जाचा नमुना बदलावा लागतो, रुग्णालयाची बिले आधीच वाचता येतील अशी सोय करावी लागते किंवा मंजुरीची एक पायरी कमी करावी लागते.

उंदरांच्या शेपट्या

आकडा लक्ष्य बनला की तो बिघडतो हे अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली ब्रिटनच्या चलनधोरणासंदर्भात मांडले, आणि मानववंशशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅथर्न यांनी १९९७ मध्ये त्याला आज प्रसिद्ध असलेले रूप दिले: मोजमापच जेव्हा उद्दिष्ट होते, तेव्हा ते चांगले मोजमाप राहत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण १९०२ सालच्या हनोईतले आहे. तिथल्या फ्रेंच प्रशासनाने प्लेगच्या भीतीने उंदीर मारणाऱ्यांना शेपटीमागे बक्षीस जाहीर केले. शेपट्यांचे ढीग जमू लागले, आणि काही दिवसांनी शहरात बिनशेपटीचे जिवंत उंदीर फिरताना दिसले. उंदीर मारून टाकला तर पुढची पिल्ले कुठून येणार, असा साधा हिशेब लोकांनी केला होता. मुंबई महापालिकेच्या मूषक संहारकांना रात्रीच्या कामाचा हिशेब म्हणून मेलेले उंदीरच मोजून द्यावे लागतात, एवढा शहाणपणा आपल्याकडे पूर्वीपासून आहे.

कार्यालयातल्या शेपट्या अधिक सभ्य असतात. तीन दिवसांची मुदत संपत आली की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्राहकाला ‘कागदपत्र अस्पष्ट आहे, पुन्हा पाठवा’ असा संदेश जातो आणि दाव्याचे घड्याळ थांबते. कॉल सेंटरमध्ये प्रत्येक फोन किती मिनिटांत संपवला यावर गुण असतील तर अवघड फोन मध्येच कापले जातात आणि तोच ग्राहक पुन्हा फोन करतो, त्यामुळे घेतलेल्या फोनची संख्याही वाढते आणि दोन्ही चौकोन हिरवे होतात. हे करणाऱ्यांना अप्रामाणिक म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण पगारवाढ ज्या आकड्याला बांधली आहे तो सांभाळणे ही कुणाचीही स्वाभाविक प्रतिक्रिया असते. यावर पूर्ण इलाज नाही, पण आकड्यांच्या जोड्या लावल्याने बराच फरक पडतो: वेगाच्या शेजारी फेरकाम, जावकेच्या शेजारी शिलकीचे वय आणि मुदतीच्या शेजारी ‘ग्राहकाकडे प्रलंबित’ म्हणून थांबवलेल्या दाव्यांची संख्या. एकाला खोटे हिरवे केले की दुसरा लाल होतो.

माणसांची क्रमवारी

डॅशबोर्ड बनवताना प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव आणि त्यापुढे आकडा अशी यादी लावावी, अशी मागणी हमखास येते. माझा तिला विरोध असतो आणि त्याचे कारण केवळ भावनिक नाही. दोन सहकाऱ्यांनी प्रत्येकी १०० दावे तपासले असे धरू. पहिल्याकडे ८० सोपे आणि २० अवघड दावे होते. सोप्यांत ४ चुका झाल्या आणि अवघडांत ५, म्हणजे एकूण ९ टक्के. दुसऱ्या सहकारिणीकडे २५ सोपे आणि ७५ अवघड दावे होते. सोप्यांत १ चूक झाली आणि अवघडांत १५, म्हणजे एकूण १६ टक्के. यादीत दुसरी तळाला दिसेल. पण वेगवेगळे पाहिले तर सोप्या दाव्यांत पहिल्याचे चुकांचे प्रमाण ५ टक्के आणि तिचे ४ टक्के आहे, अवघड दाव्यांत पहिल्याचे २५ टक्के आणि तिचे २० टक्के आहे. म्हणजे ती दोन्हीकडे सरस आहे आणि नेमक्या त्याच कारणाने तिच्याकडे अवघड दावे सोपवले जातात. संख्याशास्त्रात ही विसंगती सिम्प्सनच्या नावाने ओळखली जाते. भिंतीवरच्या यादीत या विसंगतीची सूचना कुठेच लिहिलेली नसते, आणि अशी यादी लागली की अवघड दाव्याला हात लावायला कुणी तयार होत नाही. माणसाचे वैयक्तिक आकडे त्या माणसाशी बंद दाराआड बोलताना जरूर वापरावेत. भिंतीवर मात्र चमूचे आणि प्रक्रियेचेच आकडे असावेत.

लाल दिव्याचा अर्थ

टोयोटाच्या कारखान्यांत उत्पादनरेषेच्या वर अँडॉन नावाचा दिव्यांचा फलक असतो. कामगाराला काही बिघाड दिसला की तो दोरी ओढतो, फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागतो आणि चमूप्रमुख धावत येतो. ठरलेल्या वेळात दोष निघाला नाही तर रेषा थांबते. तिथे लाल दिवा म्हणजे ‘इथे मदत हवी’ अशी हाक असते. आपल्याकडच्या बैठकांत लाल चौकोन म्हणजे ‘जबाबदार कोण’ हा प्रश्न असतो, आणि त्यामुळे तो उशिरात उशिरा दिसावा यासाठी सगळे झटतात. डॅशबोर्ड बनवण्यासाठी पॉवर बीआय हे सॉफ्टवेअर घ्यावे की टॅब्लो, याची चर्चा महिनोन्महिने चालते. लाल दिसल्यावर कुणी, किती वेळात, काय करायचे हे मात्र कुठेच लिहून ठेवलेले नसते.

पाणीकपातीचे उदाहरण इथे पुन्हा उपयोगी पडते. आमच्या पडद्यावर आता तीस दिवसांहून जुन्या दाव्यांची संख्या २५ च्या वर गेली की दोन अनुभवी तपासनीस दुसऱ्या दिवसापासून नव्या दाव्यांतून मोकळे होतात आणि जुन्यांवर बसतात. संख्या १० च्या खाली आली की ते परत जातात. हे आधीच ठरलेले असल्यामुळे त्यासाठी परवानगी मागावी लागत नाही आणि बैठकही लागत नाही.

मांडणीबद्दल थोडक्यात. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासून सुरू करावा, नाहीतर तीन टक्क्यांचा फरक दुपटीसारखा दिसतो. वर्तुळाचे सात-आठ रंगीत तुकडे करू नयेत, कारण डोळ्यांना कोनांची तुलना नीट जमत नाही. काही जणांना लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही, म्हणून रंगासोबत बाण किंवा शब्द असावा. वेगाच्या काट्यासारखे दिसणारे गोल मीटर जागा फार खातात आणि एकच आकडा सांगतात, तेव्हा त्याऐवजी गेल्या तेरा आठवड्यांची साधी रेषा काढावी.

सुरुवात करणाऱ्याने सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी पांढऱ्या फळ्यावर महिनाभर हाताने आकडे लिहून पाहावेत असे मी नेहमी सुचवते. रोज सकाळी उभ्याउभ्या दहा मिनिटे त्या फळ्यासमोर बोलणे झाले की कोणता आकडा कुणी विचारतो आणि कोणता नुसताच पुसून पुन्हा लिहिला जातो, हे आपोआप कळते. आमच्या पडद्यावर एके काळी २३ चौकोन होते. मी प्रत्येकापुढे ‘गेल्या तीन महिन्यांत हा पाहून कोणता निर्णय बदलला’ असा रकाना जोडला आणि चमूसोबत तो भरायला बसले. दोन तासांनी ६ चौकोन उरले. काढलेल्या १७ पैकी एकाचीही विचारणा वरिष्ठांकडून आजवर झालेली नाही, आणि त्यांतले निदान पाच मी स्वतः रात्र रात्र जागून बनवले होते.